घरात राहून दुरुस्ती: धूळ एकाच खोलीत अडवायची कशी

गोव्यात घर दुरुस्तीला काढलं म्हणून घर सोडून दुसरीकडे राहायला जाणं बहुतेकांना जमत नाही. भाडी परवडत नाहीत, मुलांची शाळा असते, देवघरातली रोजची पूजा चुकवता येत नाही. मग एक खोली फोडायची आणि उरलेल्या खोल्यांत संसार मांडायचा. आम्ही डिचोलीच्या जुन्या घरात असंच केलं. आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, शेवटी सगळ्या घराचं वायरिंग. पुढे पर्वरीला बहिणीच्या फ्लॅटमध्ये काम निघालं तेव्हाही हीच पद्धत वापरली. डिचोलीकराला धूळ नवी नाही, खनिजाचे ट्रक पाहत मोठे झालो आम्ही. पण ती धूळ बाहेरची, खिडकी लावली की निम्मी अडायची. ही घरातच जन्मते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. धुळीला हवा नेते. त्यामुळे प्लास्टिक किती जाड लावलं याहून हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर पडते, हे जास्त महत्त्वाचं. बाजारातलं सगळ्यात महागडं प्लास्टिक लावूनही भाताच्या डब्यात पांढरी भुकटी सापडलेली घरं मी पाहिली आहेत.

१. कुठलं काम किती धुळीचं, ते आधी ओळखा

सगळी कामं सारखी नसतात. मिस्त्रीकडून कामांची यादी घ्या आणि तिच्यावर खुणा करा. सगळ्यात वाईट तीन: ग्राइंडर किंवा मार्बल कटरने सुकं कापणं (टाइल, ग्रॅनाइट, काँक्रीट), वायरिंग-नळांसाठी भिंत कोरणं म्हणजे चेसिंग, आणि पुट्टी घासणं. त्याखालोखाल गिलावा पाडणं आणि जुन्या टाइल उखडणं. यात आवाज आणि ढिगारा मोठा, पण कण जाडे असल्याने ते लवकर खाली बसतात. लादी बसवणं, प्लंबिंग जोडणं, रंगाचा हात मारणं यात धूळ नगण्य.

खाली बसण्याचं गणित एकदा समजून घ्यावं. तीन मीटर उंचीच्या खोलीत, हवा अगदी स्थिर असेल तर, दगडाचा १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण छताजवळून जमिनीवर यायला साधारण ६ मिनिटं घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला नऊ-दहा तास लागतात. आकार निम्मा झाला की वेळ चौपट. आणि घरातली हवा स्थिर कुठे असते? माणूस चालला, दार उघडलं, पंखा फिरला की कण पुन्हा वर. म्हणून मजूर गेल्यावर तासाभरात फडकं मारून ठेवलेलं टेबल सकाळी पुन्हा पांढरं दिसतं.

हे बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात. व्हिट्रिफाइड टाइल, ग्रॅनाइट, वाळू, काँक्रीट यांत स्फटिकरूप सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर सिलिकोसिस होतो. तुमच्या घरचं काम काही आठवड्यांचं असतं. कटर चालवणारा पोरगा मात्र रोज कुठल्या ना कुठल्या घरात तेच करत असतो, हे मास्क आणताना विसरू नका. ओट्यासाठी हल्ली जो कृत्रिम क्वार्ट्झचा दगड खपतो त्यात सिलिकाचं प्रमाण बहुधा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. ऑस्ट्रेलियाने तर अशा दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली. तो बसवणार असाल तर सिंक आणि शेगडीची भोकं दुकानातच, पाण्याखाली पाडून आणा. घरात कापायला देऊ नका.

आणखी दोन धोके जुन्या घरांत असतात. एक जुना तेलरंग. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या दार-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो रंग सुका घासू नये. पाणी मारत वॉटर पेपरने घासावा. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर यात तडजोड नको. दुसरा धोका मागच्या पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते फोडू नका, कापू नका. पाणी शिंपडून, बोल्ट सोडवून अख्खेच उतरवा.

२. हंगाम

दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसात खिडक्या उघड्या ठेवता येत नाहीत, राडारोडा भिजून चिखल होतो आणि पुट्टी वाळत नाही. अर्धवट ओली पुट्टी घासली तर सगळीकडे लगदा होतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर घर रंगवायची घाई सगळ्यांनाच असते आणि तेव्हा रंगारी हाताला लागत नाही. म्हणून पुट्टी आणि घासणं मेच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. चवथीआधी रंगाचा फक्त शेवटचा हात राहू द्या. त्याला धूळ नाही.

कौलारू घर असेल आणि यंदा शाकारणी व्हायचीच असेल, तर ती आतल्या कामाच्या आधी. कौलं हलली की वर्षानुवर्षांची माती, वाळवीचा भुसा आणि वटवाघळांची लेंडी खाली येते. लेंडी सुकी झाडू नका, पाणी मारून ओली करा आणि मग उचला.

३. मिस्त्रीशी बोलणं आणि कागद

धूळ अडवण्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या. ‘ते काय, करू आम्ही’ म्हणणारा कंत्राटदार ते करत नाही, कारण त्याचे पैसे त्याला मिळालेले नसतात. पैसे वेगळे दिले की मागता येतं. कागदावर निदान एवढं असू द्या:

- टाइल आणि दगड घराबाहेर कापायचे, तेही पाणी सोडून.
- चेसिंग एकाच सपाट्यात, ठरलेल्या दिवशी. आज एक भिंत, उद्या दुसरी असं नको.
- रोज काम थांबवताना राडारोडा पोत्यात भरून खोलीबाहेर.
- पडदा फाटला तर त्याच दिवशी दुरुस्त करायचा.
- राडारोडा कुठे जाणार आणि वाहतूक कोणाची.

यातली दुसरी अट कंत्राटदारांना आवडत नाही, कारण त्यांना माणसं तीन साइटवर फिरवायची असतात. तरीही हट्ट धरा. धुळीचे दिवस एकत्र आले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढ्यापुरतं दुसरीकडे ठेवता येतं. माझ्या आईला दमा आहे. चेसिंग आणि पुट्टीच्या दिवसांत ती मडगावला मावशीकडे होती, बाकी सगळं काम तिने घरात राहून काढलं.

कागदांचं म्हणाल तर भिंत पाडायची किंवा छप्पर बदलायचं असेल तर पंचायतीच्या सचिवाला किंवा पालिकेत आधी विचारा. जाताना घरपट्टीची पावती घेऊन जा. फ्लॅट असेल तर सोसायटीचं संमतीपत्र, त्यात कामाचे तास आणि लिफ्टमधून माल नेण्याची परवानगी. भाड्याचं घर असेल तर मालकाचं लेखी पत्र. शेजाऱ्यांना मात्र कागद नको, जाऊन सांगा. दुपारी एक ते तीन कटर बंद राहील एवढं सांगितलं तरी निम्मी भांडणं टळतात. गोव्यात दुपारची झोप ही गंभीर बाब आहे.

४. सामान

- प्लास्टिक शीट. दुकानदार गेजमध्ये बोलतो, इंटरनेटवर मायक्रॉन असतात. ४०० गेज म्हणजे साधारण १०० मायक्रॉन, ६०० गेज म्हणजे साधारण १५०. पडद्याला ४०० पुरतं. जमिनीवर अंथरायला प्लास्टिक घेऊ नका, ओलं झालं की पाय घसरतो. तिथे जुनी ताडपत्री किंवा पुठ्ठा. पावसाळ्यात गच्चीवर नाहीतर सरपणावर घातलेलं प्लास्टिक उन्हाने तडकलेलं असतं, त्याचा पडदा टिकत नाही.
- मास्किंग टेप, कापडी टेप, लाकडी रिपा आणि बारीक खिळे.
- चिकटवायची चेन (ऑनलाइन मिळते). नसेल तर चालतं, पर्याय पुढे दिला आहे.
- जुना एक्झॉस्ट फॅन आणि खिडकीच्या मापाचा प्लायचा तुकडा. नवा चांगला पंखा यात वाया घालवू नका.
- उदबत्ती.
- ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम, हेपा फिल्टर (अगदी बारीक कणही अडवणारा) आणि पिशवीसकट. भाड्याने मिळाला तर उत्तम. घरातला नेहमीचा छोटा व्हॅक्यूम सिमेंटवर चालवलात तर बारीक धूळ मागून बाहेर फेकतो आणि मोटरही जाते.
- मास्क, एफएफपी२ किंवा एन९५. भारतीय मास्कवर आयएस ९४७३ हा क्रमांक बघा. रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. पुरेसे आणा, मजुरांना धरून.
- सिमेंटची रिकामी पोती, दोन बादल्या, मायक्रोफायबरची फडकी, लाकडाच्या वखारीतून एक पोतं भुसा.

५. खोली रिकामी करा, जे राहील ते झाका

जितकं बाहेर काढता येईल तितकं काढा. झाकलेल्या कपाटामागे साठलेली धूळ महिनोन्‌महिने येत राहते. जड कपाटं राहिलीच तर इथे गोव्याची एक खास अडचण आहे. लाकूड थेट प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर आपल्या दमट हवेत आत बुरशी धरते. आधी जुनी सुती साडी किंवा चादर, तिच्यावरून प्लास्टिक, आणि खालची कड मोकळी. पुस्तकांचंही तसंच. हार्मोनियम, तबला असेल तर घरातच ठेवू नका, शेजारी द्या.

टीव्ही, राउटर, कॉम्प्युटर बंद करून झाका. चालू यंत्र झाकलं तर तापतं. एसीचा आतला भाग प्लास्टिकने बांधा आणि काम संपेपर्यंत त्याचा स्विचही खाली ठेवा, नाहीतर रात्री उकडलं की कोणीतरी रिमोट दाबतंच. फ्रिज झाकता येत नाही, म्हणून तो दूरच्या खोलीत हलवा. न्हाणीघराचं काम असेल तर जमिनीतल्या जाळीत कापडाचा बोळा घाला.

अंगणात विहीर असेल आणि कापकाम बाहेर चालणार असेल, तर विहिरीवर जुनी जाळी आणि चादर टाका. पाण्याच्या टाकीचं झाकण बसतं का बघा. माणसं घर झाकतात आणि विहीर उघडी राहते.

६. पडदा

दारावर प्लास्टिक चिकटवणं हे सोपं काम वाटतं, पण इथेच सगळ्यात जास्त गळती होते. कारण भिंत. चुना लावलेल्या किंवा जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप धरतच नाही, भुकटीसकट सुटून येते. ऑइलबाउंड किंवा इमल्शन रंगावर कापडी टेप इतकी धरते की काढताना पापुद्रा घेऊन येते. म्हणून टेप भिंतीला न लावता दाराच्या चौकटीला लावा, चौकट तेलरंगाची असते. मास्किंग टेप खाली, तिच्यावर कापडी टेप. मास्किंग टेपही फार दिवस राहिली तर गोंद सोडते, लांबलेल्या कामात ती मधूनच बदला.

चौकट नसेल, नुसती कमान किंवा मोकळी वाट असेल, तर रीप. प्लास्टिकची कड रिपेवर दोन वेढे गुंडाळा आणि रीप चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, सांध्यात बारीक खिळ्यांनी ठोका. भिंतीला भोकं नको असतील तर जमीन ते छत उभ्या दोन बांबूंना पडदा बांधून, बांबूखाली पाचर मारून ते ताणून बसवा.

आत-बाहेर करायला चेन असेल तर मधोमध चेन. नसेल तर दोन प्लास्टिकं लावा. पहिलं चारी बाजूंनी बंद करून त्याला मधोमध उभी चीर द्या, चिरेच्या दोन्ही टोकांना टेपचा तुकडा लावा म्हणजे ती पुढे फाटत नाही. दुसरं प्लास्टिक फक्त वरून लावून, खाली रीप बांधून कामाच्या खोलीच्या बाजूने लोंबतं सोडा. माणूस शिरला की मागे आपोआप पडतं. एक अट: घरात जायला खोलीला दुसरं दार असेल तर ते बंद करून टेपने सील करा. मजुरांना बाहेरून यायचं दार मिळालं तर पडद्यातून ये-जा जवळपास संपते. बाल्कांवाच्या (घरापुढच्या बसायच्या ओट्याच्या) बाजूच्या खोलीत हे सहज जमतं. मागच्या खोलीतही खिडकीची ग्रिल आठवडाभर काढून पायरी टाकता आली तर टाका.

आता फटी. बंद दाराखाली ओल्या टॉवेलची गुंडाळी. दारावरचे व्हेंटिलेटर पुठ्ठा आणि टेपने बंद. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून असलेले स्विचबोर्ड, एसीच्या पाइपचं भोक, जुन्या वायरिंगच्या नळ्या. यांतून धूळ जाते यावर विश्वास बसत नाही, म्हणून उदबत्ती धरून बघा.

७. हवेला रस्ता दाखवा

कामाच्या खोलीतून हवा सतत बाहेर फेकली गेली, तर घराकडून खोलीकडे हवा येत राहते आणि पडद्याला भोक असलं तरी त्यातून धूळ उलटी जात नाही. खोलीच्या खिडकीत प्लायचा तुकडा बसवून त्याच्यात एक्झॉस्ट फॅन घाला, तोंड बाहेर. सरकत्या खिडकीची एक झडप उघडून उरलेली जागा पुठ्ठ्याने भरली तरी चालतं. ग्रिल असेल तर प्लाय तारेने ग्रिललाच बांधा. खोलीच्या बाकी खिडक्या बंद. लोक उलटं करतात, धूळ जावी म्हणून सगळ्या खिडक्या उघडतात आणि मग वाऱ्याची एक झुळूक सगळी धूळ घरात लोटते.

पंखा किती मोठा? दहा बाय बारा फूट आणि दहा फूट उंच खोली म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. ताशी दहा वेळा हवा बदलायची तर ताशी ३४० घनमीटर हवा बाहेर जायला हवी. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा असतो. जाळीत धूळ भरली की तो घटतो, म्हणून दुप्पट क्षमतेचा धरा आणि रोज संध्याकाळी ब्रश मारा.

बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यायला वाट लागते. घराच्या स्वच्छ भागातली एक खिडकी उघडी ठेवा आणि पडद्याच्या तळाशी तळहाताएवढी फट सोडा. नीट जमलं की पडदा कामाच्या खोलीकडे पोट काढून ताणलेला दिसतो. तो तुमच्या बाजूला फुगला तर हवा उलटी येते आहे, काम थांबवा. फटीपाशी उदबत्ती धरली तर धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. ही परीक्षा सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.

दुपारी का, तर खारा वारा. ऑक्टोबर ते मेपर्यंत गोव्यात सकाळी वारा जमिनीकडून म्हणजे पूर्वेकडून हलका असतो आणि दुपार चढली की समुद्राकडून, पश्चिमेकडून जोरात सुटतो. पश्चिमेच्या खिडकीत बसवलेला पंखा सकाळी झकास चालतो आणि तीन वाजता वाऱ्याशी झुंजत बसतो. शक्य असेल तर पंख्यासाठी पूर्वेची किंवा बाजूची खिडकी निवडा आणि स्वच्छ भागातली उघडी खिडकी पश्चिमेची. मग वाराच निम्मं काम करतो. कामाच्या खोलीला फक्त पश्चिमेची खिडकी असेल तर चेसिंग आणि घासणं सकाळी आठ ते बारा, दुपारी बिनधुळीची कामं. किनाऱ्यालगत, कळंगुट-कोलव्याच्या बाजूला हे जास्त जाणवतं. सत्तरीत आत डोंगराकडे कमी.

तीन इशारे. छताचे पंखे कामाच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत बंद. एक्झॉस्ट पंखा चालू असताना घरातला गॅस गिझर लावू नका, त्याचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात ओढला जाऊ शकतो. आणि थिनर, पॉलिश, स्प्रेच्या दिवशी हा साधा मोटरीचा पंखा चालवू नका. मोटरच्या ठिणगीने वाफा पेट घेऊ शकतात. त्या दिवशी नुसत्या खिडक्या उघड्या.

८. कौलारू घरात धूळ वरून जाते

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. आपल्या जुन्या घरांत मधल्या भिंती बहुतेक वेळा छपरापर्यंत जात नाहीत. भिंतीच्या डोक्यावरून कौलांपर्यंत मोकळी जागा, आणि सगळ्या खोल्यांची हवा तिथे एक. दारावर कितीही पडदे लावा, धूळ भिंतीवरून उडी मारून पलीकडे. माळ्याच्या फळ्या असतील तरी त्यांच्या फटी असतातच.

इथे कामाची खोली सील करण्याचा नाद सोडा. राहायची एक खोली निवडा आणि ती सील करा. भिंतीच्या माथ्यावर आडव्या रिपा टाकून त्यांवर प्लास्टिकचं छत ताणा, कड भिंतीवरून एक वीत खाली आणून रिपेने दाबा. कौलांतून येणाऱ्या वाऱ्याने ते धडधडतं, म्हणून वरून सुतळीची जाळी बांधा. दिवसा या खोलीत उकडतं हे खरं. टेबलफॅन चालेल. झोपायची, जेवणाची भांडी ठेवायची आणि मुलांच्या अभ्यासाची जागा एवढी एकच.

राजांगण (घराच्या मधोमध असलेलं मोकळं अंगण) असेल तर त्याचा उपयोग करून घ्या. कामाची खोली राजांगणाकडे उघडत असेल तर पंख्याचं तोंड तिकडे नको, तिथून धूळ भोवतीच्या चारी वसऱ्यांत (पडव्यांत) फिरते. बाहेरच्या भिंतीतलीच खिडकी शोधा. मजुरांची वाट मात्र राजांगणातून काढायला हरकत नाही. शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर त्यांच्या चौकटीत पंखा ठोकू नका, ते शिंपले पुन्हा मिळत नाहीत. देवघर बंद करायचं नसेल तर निदान दाराला ओलं पातळ धोतर बांधा आणि दिवा लावताना प्लास्टिक जवळ नाही ना, ते बघा.

९. धूळ उठूच न देण्याचे उपाय

हे जमलं तर वरचं निम्मं लागत नाही.

टाइल सरळ कापायची असेल तर हाताचा टाइल कटर वापरायला सांगा. रेघ मारून टाइल मोडायची, धूळ जवळपास नाही. फक्त भोकं आणि आडवेतिडवे काप मशीनने. मशीन अंगणात किंवा गच्चीवर, वाऱ्याच्या पाठमोरं, आणि एकाने बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पात्यावर पाण्याची धार धरायची. पाणी आणि वीज एकत्र आली, तेव्हा ती लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचवरच) घ्या, ज्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. बटण दाबून तो पडतो ना, हे स्वतः बघा.

ओल्या कापणीचा चिखल मोरीत सोडू नका. गोव्यात बहुतेक घरांचं पाणी सोकपिटात जातं आणि सिमेंटचा गाळ तिथे बसला की खड्डा पाणी शोषणं थांबवतो. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडांना न घालता कामावरच वापरा, तळाचा गाळ वाळवून पोत्यात.

चेसिंगला एकजण कटर चालवतो तेव्हा दुसऱ्याने व्हॅक्यूमचं तोंड पात्याखाली चार बोटांवर धरायचं. यात काही अवघड नाही, फक्त एक माणूस जास्त लागतो. चिऱ्याच्या भिंतीला छिन्नी-हातोडीने कोरून घेता आलं तर फारच बरं. चिरा मऊ असतो, वेळ थोडा जास्त जातो, पण उठणारे कण जाडे. गिलावा पाडण्याआधी भिंतीवर पाणी मारून ठेवा. चिंब नको, ओलसर.

पुट्टीला लांब दांड्याचा, व्हॅक्यूमला जोडता येणारा घासायचा पॅड मिळतो. रंगारी आधी हसतो, मग दुसऱ्या खोलीतही तोच मागतो. आणि मुळात पुट्टी लावणारा हात चांगला असेल तर घासायला कमी लागतं, म्हणून तिथे पैसे वाचवू नका.

१०. रोजचं

पडद्याच्या आत-बाहेर ओलं गोणपाट. मजुरांच्या चपला आतच राहू देत. दुपारी जेवायला ते वसरीत बसणार असतील तर पाण्याचा नळ, साबण आणि अंग झटकायची जागा आधी दाखवा. कपड्यांवरून आलेली धूळ घरात येणाऱ्या धुळीतला मोठा वाटा असतो.

संध्याकाळी सुका झाडू मारायला मनाई. वखारीतला भुसा पाण्याने ओलसर करा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. तो जमिनीवर पसरून मग हिरांच्या केरसुणीने ओढायचा. बारीक धूळ भुशाला चिकटून येते. एक्झॉस्ट पंखा काम थांबल्यावरही तासभर चालू ठेवा.

११. राडारोडा

पोतं अर्धंच भरा. भरलेलं पोतं उचलता येत नाही, ते ओढतात, फाटतं आणि जिन्याभर रेघ. तोंड बांधून, वरून पाणी शिंपडून न्या. गच्चीवरून खाली फेकायला अजिबात देऊ नका. चांगले चिरे आणि मंगळुरी कौलं वेगळी काढा, कोणीतरी आनंदाने नेतो. बाकीचं पंचायत किंवा पालिका सांगेल तिथे. ‘शेतात भराव टाकतो, वाहतूक फुकट’ असं ट्रकवाला सुचवतो. सखल जमिनीत भराव टाकणं हा नगरनियोजन कायद्याच्या १७अ कलमाचा विषय आहे, आणि माती तुमच्या घरची असते.

१२. शेवटची सफाई

शेवटचं धुळीचं काम झालं की पंखा चालू ठेवून बाहेर पडा आणि रात्रभर खोलीला हात लावू नका. सकाळी पडदा तसाच ठेवून आत सुरुवात करा. वरून खाली: आढं-वासे किंवा छत, पंख्याची पाती, भिंती, खिडक्या, शेवटी जमीन. पात्याला जुना उशीचा अभ्रा घालून मागे ओढा, धूळ अभ्र्यातच राहते.

लाल धुळीला ओलं फडकं आधी लावू नका. चिऱ्याच्या धुळीत लोहाचा गंज असतो, पांढऱ्या भिंतीवर ती ओली झाली की डाग धरते. आधी व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रश, मग फडकं. पांढऱ्या, सिमेंटच्या धुळीला दोन बादल्या: एक फडकं पिळायला, एक स्वच्छ पाण्याची. पाणी गढूळ झालं की लगेच बदला. सिमेंट अल्कधर्मी असतं, हातमोजे घाला.

जमिनीवर पांढरी झाक राहिली की मिस्त्री ॲसिडची बाटली काढतो. जुन्या घरातल्या नक्षीच्या सिमेंट टाइल, मोझेक, संगमरवर यांवर ॲसिड नको, व्हिनेगरही नको. पृष्ठभाग खाल्ला जातो, रंग उडतो आणि परत येत नाही. साधं पाणी आणि सौम्य साबण, गरज पडली तर चार-पाच वेळा.

खोली पुसून झाल्यावरच पडदा उतरवा. त्याच्यावर पाण्याचा हलका फवारा मारा, धुळीची बाजू आत जाईल असा गुंडाळत खाली आणा आणि थेट पोत्यात. खिडकीतला पंखा सगळ्यात शेवटी काढायचा. सोफ्याचे अभ्रे, पडदे तोपर्यंत लावू नका. आठवड्याने कपाटांच्या डोक्यावर आणि दारांच्या वरच्या कडेवर बोट फिरवून बघा, तिथे पुन्हा थर बसलेला असतो. तेव्हा एकदा ओल्या फडक्याने सगळं पुसून घ्या, आणि एसी लावण्याआधी त्याची जाळी काढून नळाखाली धुवा.